उदास वाटणारच की!

संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस खुर्चीवर टेकला की डॉक्टर बोलता बोलता त्याचे हात आपल्या हातात घेतात. मनगटं, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, बोटांच्या मधली पेरं, मग कोपरं, खांदे आणि शेवटी गुडघे. एकेक सांधा अंगठ्याने दाबायचा, दाबणाऱ्याच्या नखाचा रंग उडेल इतक्याच जोराने, आणि विचारायचं, "इथे दुखतं?" असे एकूण २८ सांधे. पावलांचे सांधे या मोजणीत धरत नाहीत, हे मला कायम खटकत आलंय. कित्येकांचा आजार सुरू होतो तोच पावलांपासून. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की चपलेत खडे असल्यासारखं टोचतं. पण १९९५ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या डॉक्टरांनी मोजणी सुटसुटीत व्हावी म्हणून हा २८ सांध्यांचा हिशेब मांडला आणि तोच जगभर रुळला.

मग चार गोष्टी कागदावर उतरतात. दाबल्यावर दुखलेले सांधे किती, सुजलेले किती, रक्तातला, सूज दाखवणारा ईएसआर किती, आणि पेशंटने स्वतःच्या एकंदर तब्येतीची खूण शून्य ते शंभर या पट्टीवर कुठे केली. शून्य म्हणजे उत्तम, शंभर म्हणजे वाईटात वाईट. या चारांवरून एक आकडा निघतो, त्याला डॅस-२८ म्हणतात. तो २.६ च्या खाली असला तर आजार शांत, ५.१ च्या वर गेला तर भडकलेला. औषध वाढवायचं, बदलायचं की आहे तेच चालू ठेवायचं, हे बऱ्याच अंशी हा आकडा ठरवतो.

सूत्रातली एक गोम मात्र पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट वजन आहे. सूज डॉक्टरांच्या बोटांना लागते, ईएसआर लॅबमधून येतो. दुखणं आणि 'एकंदर कसं वाटतंय' ही दोन्ही उत्तरं पेशंटच्या तोंडून येतात.

एक बाई डोळ्यांसमोर आणू. बाई माझ्या कल्पनेतली आहे, आकडे मात्र सूत्रात घालून काढलेले आहेत. वय ४८, आजार सहा वर्षांचा. जूनमध्ये ती आली तेव्हा दोन सांधे सुजलेले, तीन दुखरे, ईएसआर २४, तब्येतीची खूण ३० वर. डॅस आला ४.०. डिसेंबरात पुन्हा आली. सुजलेले सांधे तेच दोन, ईएसआरही तोच २४. पण आता दुखरे सांधे १४ आणि खूण ७० वर. डॅस ५.७. म्हणजे फाइलीत 'मध्यम' होतं तिथे 'तीव्र' लिहिलं गेलं.

सांध्यांत काय बदललं? बोटाला लागेल असं काही नाही. रक्तातही नाही. बदललं ते हे, की पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. भिशीला जाणं तिने दिवाळीपासून सोडलंय. मुलीचा फोन आला की "कामात आहे गं" म्हणून ठेवून देते. कागदावर यातलं काही उतरत नाही, कारण त्याला रकानाच नाही. डॉक्टरांनी विचारलं असतं, तरी सोबत आलेल्या नवऱ्यानेच उत्तर दिलं असतं, "एवढं दुखतंय म्हटल्यावर उदास वाटणारच की, डॉक्टर!"

या प्रकरणाचं भांडण त्या वाक्याशी आहे. वाक्य मायेचं आहे, समजूतदार आहे, आणि त्याच्या आडोशाला बरं होण्याजोगं एक दुखणं वर्षानुवर्षं तसंच राहतं. पाय मोडल्यावर दुखणारच, म्हणून काही आपण प्लास्टर घालायचं टाळत नाही.

दोनशे पानांच्या पंगतीत एक

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठीत 'संधिवात' म्हटलं की गुडघे झिजलेल्या आजीपासून अंगठ्याला युरिक अॅसिडने ठणका लागलेल्या काकांपर्यंत सगळे त्यात मावतात. इथे विषय ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. माधवनिदानात आमवाताचं स्वतंत्र प्रकरण आहे. तिथलं वर्णन आणि आजचा हा आजार हुबेहूब एकच असं म्हणता येणार नाही, पण नाव रुळलं ते रुळलं. पेशंट मात्र दोन्ही शब्द बाजूला ठेवून "मला आरए पॉझिटिव्ह आलंय" असंच सांगतात. झीज हे या आजाराचं मूळ नाही. शरीराची संरक्षण-यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरालाच परकं समजून त्याच्यावर उलटते आणि तिथे सूज धगधगत राहते. पुरुषांपेक्षा बायकांना तो दोन ते तीन पटीने जास्त होतो, आणि बहुतेकींना ऐन संसाराच्या वयात गाठतो.

तो किती जणांना होतो याची भारतातली एक महत्त्वाची मोजदाद पुणे जिल्ह्यातल्या भिगवणची आहे. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना सांध्यांबद्दल विचारलं. आमवाताचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. म्हणजे दोनशे पानांच्या पंगतीत एक जण. पंगतीत तो ओळखू येतो, मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर बसलेला, आणि "इतक्या लहान वयात?" या प्रश्नाला कंटाळलेला.

या माणसांपैकी किती जणांचं मन खचलेलं असतं? २०१३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी तोवरचे ७२ अभ्यास एकत्र केले. त्यांत १३,१८९ रुग्ण होते. मानसोपचाराच्या रीतसर मुलाखतीने निदान केलं तिथे तीव्र नैराश्याचं प्रमाण १६.८ टक्के निघालं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली तिथे ३८.८ टक्के. दुसऱ्या एका प्रश्नावलीचा कडक निकष लावला तिथे १४.८ टक्के. एकाच आजाराचे इतके वेगवेगळे आकडे पाहून वाचक बुचकळ्यात पडेल, पण यातली तफावतच खूप काही सांगून जाते.

पीएचक्यू-९ मध्ये झोपेबद्दल विचारतात, थकव्याबद्दल, भुकेबद्दल, हालचाल मंदावली का याबद्दल. आता आमवाताच्या माणसाची हालचाल सकाळी मंदावलेलीच असते. कूस बदलताना खांदा ठणकला की झोप मोडते. आणि थकवा असा की आंघोळ करून आलं की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. मन ठणठणीत असलेला पेशंटही या प्रश्नांवर नैराश्याचे तीन-चार गुण सहज मिळवतो. हीच अडचण ओळखून १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी खास हॉस्पिटलमधल्या रुग्णांसाठी वेगळी प्रश्नावली केली आणि तिच्यातून शरीराच्या तक्रारी मुद्दाम वगळल्या. वर 'दुसरी प्रश्नावली' म्हटलं ती हीच. कोणतीही पट्टी लावा, सहा-सात जणांत एकाला तरी उपचार करावा इतकं नैराश्य आहे, एवढं नक्की.

आपल्याकडे याची उलटी बाजूही आहे. मराठी माणूस दवाखान्यात "मला नैराश्य आलंय" असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, अंग आंबलंय. जेवणावर वासना नाही. डोकं जड असतं. कशात जीव रमत नाही. नुसती धास्ती वाटते. मन शरीराच्या भाषेत बोलतं, डॉक्टर शरीराचं ऐकून शरीराची गोळी लिहून देतात, आणि दोघांनाही आपलं बोलणं झालं असं वाटतं.

सूज मेंदूपर्यंत

"दुखतंय म्हणून उदास" हे खोटं नाही. पण ते निम्मंच खरं आहे.

ताप आलेलं मूल आठवा. खेळत नाही, खात नाही, कोपऱ्यात गुरफटून पडतं, कुणी जवळ आलं की किरकिरतं. आजारी गाय चारा सोडते आणि कळपापासून दूर उभी राहते. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकाने दाखवून दिलं, की हा नुसता अशक्तपणा नव्हे. जंतूंशी लढताना शक्ती वाचवावी म्हणून शरीर जाणूनबुजून अशी वागणूक घडवतं. हा निरोप मेंदूपर्यंत पोचवण्याचं काम संरक्षण-यंत्रणेचे रासायनिक निरोपे करतात: इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ. तापात हे सगळं चार दिवस चालतं. ताप उतरला की पोर अंगणात.

आमवातात हेच निरोपे सांध्यांत ठाण मांडून बसतात. रक्तातून ते मेंदूला एकच सांगत राहतात, पडून राहा, कुणाला भेटू नकोस, कशात रस घेऊ नकोस. चार दिवसांसाठी असलेली सोय चार-चार वर्षं चालू राहते. इंटरल्यूकिन-६ तर पहाटे सर्वांत जास्त चढतं. सकाळी सांधे आखडतात त्याचं हे एक मोठं कारण. नैराश्याच्या अनेक रुग्णांनाही सकाळच सगळ्यात जड जाते. दोन्ही आजार असलेल्या माणसाला सकाळी सहा ते नऊ हा वेळ कसा जात असेल, आणि नेमकी तीच वेळ डब्यांची, पाण्याची आणि लोकलची असते, हे ज्याने त्याने आपापल्या घरात पाहावं.

हे नुसतं तर्काने जोडलेलं नाही. हेपटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत असत. इंटरफेरॉनही याच निरोप्यांच्या कुळातला. उपचार सुरू करताना मनाने व्यवस्थित असलेल्या रुग्णांपैकी साधारण चारांतल्या एकाला त्या इंजेक्शनांनी नैराश्य आलं. त्यांच्या आयुष्यात दुःखद काही घडलं नव्हतं, रक्तात एक रसायन वाढलं होतं, इतकंच.

उलट्या दिशेने पाहिलं तर जर्मनीतल्या एर्लांगेनचा २०११ चा प्रयोग आहे. तिथे आमवाताच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं आणि मेंदूची चित्रं घेतली. चोवीस तासांच्या आत मेंदूतल्या वेदनेशी आणि भावनेशी निगडित भागांची खळबळ कमी झाली. सांध्यांची सूज तोवर तशीच होती, रक्ताचे आकडेही हलले नव्हते. रुग्ण मोजकेच होते, म्हणून या प्रयोगावर फार मोठा इमला बांधू नये. पण पहिल्या इंजेक्शननंतर "सूज आहे तेवढीच आहे, पण काहीतरी हलकं वाटतंय" असं सांगणाऱ्या पेशंटला मनाचे खेळ म्हणून हसणाऱ्यांनी जरा थांबावं, इतकं त्यातून नक्की निघतं.

मग नैराश्याच्या सगळ्याच रुग्णांना सुजेवरचं औषध द्यावं का? अमेरिकेत एमरी विद्यापीठात रेझन आणि मिलर यांनी हेही करून पाहिलं. २०१३ मध्ये त्यांनी निकाल छापला. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांपैकी अर्ध्यांना टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, अर्ध्यांना नुसतं सलाइन. एकंदरीत काही फरक पडला नाही. मात्र ज्यांच्या रक्तात सुजेची खूण म्हणजे सीआरपी मुळात जास्त होतं, त्यांना औषधाचा उपयोग झालेला दिसला. सगळी उदासी सुजेतून येत नाही, काही येते. कुणाची कुठून येते हे विचारल्याशिवाय कळत नाही.

दुखणं आणि सूज यांखेरीज उदासीची तिसरी वाट औषधांचीच आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या बाईला 'कंपाउंड ई' टोचलं. काही दिवसांत ती उठून चालायला लागली आणि बाजारात खरेदीला जाऊन आली. ते कंपाउंड म्हणजे कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण मोठ्या डोसवर असलेल्या रुग्णांमध्ये विचित्र गोष्टीही दिसू लागल्या. कुणी अतिउत्साहात रात्र रात्र जागत होतं, कुणी पार खचत होतं, कुणाला भास होत होते. १९७२ मध्ये बॉस्टनच्या एका पाहणीत याचा हिशेब निघाला. रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (कॉर्टिसोनचंच भावंड) घेणाऱ्यांत मानसिक त्रास शंभरात एकाला, ८० च्या वर घेणाऱ्यांत जवळजवळ १८ जणांना. आमवातात सहसा पाच-दहा मिलिग्रॅम चालतं, त्यामुळे घाबरून गोळी एकदम बंद करणं हा त्याहून मोठा धोका; ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. पण डोस वाढवल्यापासून झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, तर ते सांगायलाच हवं. स्वभाव बिघडला असं घरच्यांना वाटत असतं, आणि कारण डबीत असतं.

"फार मनाला लावून घेते म्हणून"

मन आणि सांधे यांचं नातं आहे म्हटलं की एक जुनं भूत लगेच उठून बसतं. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडर यांनी १९५० मध्ये सात आजार मनातून उपजतात असं मांडलं. दमा, पोटातला अल्सर, उच्च रक्तदाब यांच्या पंक्तीत त्यांनी आमवातालाही बसवलं. मग 'आमवाती स्वभाव' शोधायची टूम निघाली. ही बाई राग गिळते, दुसऱ्यांसाठी झिजते, कामात काटेकोर असते आणि दाबलेला राग सांध्यांत उतरतो, असं ते वर्णन. पन्नासच्या दशकातल्या जवळपास कुठल्याही गृहिणीला ते लागू पडलं असतं, हे कुणाच्या लवकर ध्यानात आलं नाही. अल्सर बऱ्याचदा एका जंतूमुळे होतो हे पुढे कळलं, आमवाताच्या मुळाशी संरक्षण-यंत्रणेचा बिघाड आहे हेही कळलं, आणि ती यादी अडगळीत गेली.

आपल्या घरांतून मात्र ती गेलेली नाही. "फार मनाला लावून घेते म्हणून हे सगळं," असं नणंद म्हणते. "सकारात्मक विचार कर," असं शेजारीण म्हणते. "आंबट सोडलंस का?" हे तर सगळेच म्हणतात. सांधे दुखतात ते दुखतात, वर ते आपल्याच स्वभावामुळे दुखतात असा दोष माथी येतो. मग उदास वाटतंय हे कबूल करणं म्हणजे तो गुन्हा कबूल करणं, असं त्या बाईला वाटलं तर नवल काय?

इथे मला चरकसंहितेतली एक जागा आठवते. सूत्रस्थानात कोणत्या गोष्टी कशात अग्रेसर, याची एक लांबलचक यादी आहे. त्यात रोग वाढवणाऱ्या गोष्टींत पहिला मान विषादाला दिलाय. शब्द तोलून पाहावा असा आहे: वाढवणाऱ्या. रोग निर्माण करणाऱ्या नव्हे. अलेक्झांडर यांच्यापेक्षा हे विधान आजच्या पुराव्याच्या कितीतरी जवळ जातं. नैराश्य असलेल्यांत पुढे आमवात किंचित अधिक आढळतो असं काही पाहण्यांत दिसलंय, पण तो उगम ठरावा इतकं ते मोठं नाही. एकदा आजार जडल्यावर मात्र खचलेलं मन त्याला खतपाणी घालतं हे वारंवार दिसतं. गोळ्या चुकतात, व्यायाम सुटतो, झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तीच कळ जास्त लागते, आणि आमवाताच्या औषधांनी पडायला हवा तेवढा फरक आकड्यात दिसत नाही.

धास्ती

नैराश्य आणि चिंता यांना एका दमात उच्चारायची सवय आहे. दोन्ही बऱ्याचदा जोडीने येतात हे खरं, पण त्यांचा रोख वेगळा असतो. नैराश्य गेलेल्याचा हिशेब मांडतं. एकटीने वीस पोळ्या लाटायची, साडीच्या निऱ्या झरझर घालायची, चकलीचा सोऱ्या दाबायची ती बाई गेली. आता कुकरचं झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागते, सुजलेल्या पेरांतून बांगडी चढत नाही, आणि रिक्षातून सुटे पैसे पडले तर ते उचलताही येत नाहीत. चिंतेचा डोळा पुढे असतो. उद्या सकाळी बोटं मिटतील का? पुढच्या आठवड्यात भाचीच्या लग्नात उभं राहता येईल का? लिव्हरचा रिपोर्ट काय येईल? हे इंजेक्शन परवडेल का, आणि परवडलं नाही तर?

आमवाताचा स्वभावच या धास्तीला पोसणारा आहे. तो सरळ रेषेत वाढत नाही, उसळतो. तीन आठवडे बरे जातात आणि एका पहाटे काहीही कारण नसताना मनगट टम्म सुजतं. कारण नसणं माणसाला सोसवत नाही, म्हणून तो कारण शोधतो. काल ताक प्यायलो, परवा कपडे पिळले, त्या दिवशी पावसात भिजलो. मग एकेक गोष्ट आयुष्यातून वजा होत जाते. बाहेर जेवणं, प्रवास, जिना, भजनी मंडळ. हालचाल कमी झाली की स्नायू रोडावतात, सांध्याला आधार उरत नाही, आणि तो खरंच जास्त दुखतो. भीती खरी ठरली असं वाटतं. तिला खरं करण्यात आपलाच हातभार लागला, हे दिसत नाही.

मेथोट्रेक्सेट या मुख्य औषधाची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं (रोज घेणं जिवावर बेतू शकतं, म्हणून वार पक्का करून कॅलेंडरवर गोल करावा). काहींना त्यानंतर मळमळतं. पुढे पुढे रविवारची गोळी असेल तर शनिवारी संध्याकाळीच मळमळायला लागतं. पिवळी गोळी नुसती पाहूनही ओकारी येणारे पेशंट आहेत. ते नाटक करत नसतात. शरीर शिकलेला धडा म्हणून दाखवत असतं. डोस विभागणं, फॉलिक अॅसिड, गोळीऐवजी इंजेक्शन असे उपाय त्यावर आहेत, पण त्यासाठी आधी ते सांगावं लागतं. पुष्कळ जण सांगण्याऐवजी गुपचूप गोळी सोडतात.

लग्नाच्या वयातल्या मुलींची धास्ती वेगळी. स्थळाला सांगायचं की नाही, या प्रश्नाने घर ढवळून निघतं. आई म्हणते नको, बाबा म्हणतात नंतर कळलं तर? आणि कोपऱ्यातून कुणीतरी "मूल होईल ना?" विचारतं. होतं. मेथोट्रेक्सेट मात्र दिवस राहण्याच्या आधीच, डॉक्टर सांगतील तितके महिने, थांबवावं लागतं आणि त्याच्या जागी चालणारी दुसरी औषधं घ्यावी लागतात. म्हणजे मूल ठरवून होऊ द्यावं लागतं. गरोदरपणात अर्ध्याहून अधिक जणींचा आजार आपोआप शांत होतो. १९३० च्या दशकात हेंच यांनाही याच निरीक्षणाने कॉर्टिसोनच्या मागावर लावलं होतं. बाळंतपणानंतर तो पुन्हा डोकं वर काढतो, तेव्हा बाळ उचलायला दुसरे दोन हात घरात असावे लागतात. इतकी साधी माहिती वेळेवर मिळाली तर बरीच रात्रीची जागरणं वाचतील.

विचारायचं काय

सुरुवात दोन प्रश्नांनी होते. गेल्या दोन आठवड्यांत, पूर्वी आवडायच्या त्या गोष्टींत मन लागेनासं झालंय का? आणि उदास, हताश वाटत राहतं का? अर्ध्या मिनिटाचं काम. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आमवाताच्या रुग्णाच्या वार्षिक तपासणीत रक्तदाब आणि हाडांच्या ठिसूळपणाबरोबर नैराश्यही पाहावं असं सांगितलंय. आपल्या गर्दीच्या ओपीडीत एका पेशंटला पाच-सात मिनिटं मिळतात, हे मान्य. ही अर्धी मिनिटं त्यातून काढता येतील, हेही मान्य करायला हरकत नाही. नवऱ्याला किंवा मुलाला क्षणभर बाहेर बसवून विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

उत्तर 'हो' आलं म्हणून सांध्यांचा इलाज बाजूला पडत नाही. सूज आटोक्यात आणणं हा मनावरचाही पहिला इलाज आहे. त्याच्या जोडीला बोलण्याचा उपचार असतो. त्याला 'समुपदेशन' म्हटलं की लोकांना उपदेश ऐकायला जायचंय असं वाटतं. प्रत्यक्षात वर्तन-विचार पद्धतीचा उपचार बराचसा गृहपाठासारखा असतो. बरं वाटलं त्या दिवशी माळा, फरशी, पडदे सगळं उरकायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात काढायचे, हा अनेकींचा शिरस्ता. त्याऐवजी बऱ्या दिवशीही ठरलेलंच काम करायचं आणि वाईट दिवशीही थोडं तरी करायचं, हे शिकवावं लागतं. दुखलं म्हणजे सांधा खराब झाला, हा विचार तपासून पाहायचा. सुटलेल्या गोष्टींपैकी एक, सगळ्यात सोपी, परत सुरू करायची. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांतच हे केलं तर जास्त फायदा होतो असं अभ्यासांत दिसलंय. चालण्यासारख्या बेताच्या व्यायामाने सांधे आणि मन दोघांनाही बरं वाटतं, आणि त्याला फी लागत नाही.

गोळ्यांची वेळ आली तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. नैराश्यावरच्या नेहमीच्या एसएसआरआय गोळ्या आणि दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलचंही त्यांच्याशी नीट पटत नाही. दुसरीकडे ड्युलोक्सेटिनसारखं औषध वेदना आणि नैराश्य दोन्हींवर चालतं, तर अमिट्रिप्टिलिन लहान डोसमध्ये झोपेला आणि दुखण्याला मदत करतं. निवड डॉक्टरांची, पण माहिती आपण पुरवायची. पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला बांधून घातलंय. पॉलिसीचा कागद त्यासाठी एकदा वाचून ठेवावा.

आणि "यापेक्षा सुटका झालेली बरी" असं कुणी बोललं, थट्टेतही, तर विषय बदलू नये. सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, बहुधा ती आधीच तिथे असते आणि कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता आपल्या त्या बाईकडे परत. डिसेंबरातल्या त्या दिवशी ५.७ आकडा पाहून डॉक्टर महागड्या इंजेक्शनाची चिठ्ठी लिहू शकले असते. समजा, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "झोप कशी लागते?" समजा, नवरा बोलायच्या आत ती म्हणाली, "तीनला जाग येते. मग नुसती छताकडे बघत पडते." पुढचे चार महिने तिने सांध्यांच्या गोळ्यांबरोबर मनाचेही उपचार घेतले. एप्रिलमध्ये ती आली तेव्हा सुजलेले सांधे दोन, ईएसआर २२, दुखरे सांधे पाच, तब्येतीची खूण ३५. सूत्रात घालून पाहा, डॅस ४.३ येतो.

तरी ४.३ म्हणजे आजार शांत नव्हे. मनगटातली सूज खरी आहे, ईएसआर अजून चढाच आहे. तो भाग सांध्यांचा. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटचा डोस अडीच मिलिग्रॅमने वाढवला आणि लिव्हरची तपासणी सहा आठवड्यांनी लिहून दिली. ती उठता उठता म्हणाली, पुढची तारीख गुरुवारची नको, त्या दिवशी भिशी असते.